दहावी आकृती

रविवार, १५ फेब्रुवारी २०२६, सायंकाळचे बरोबर पाच. टेबलावर आलेख कागद एक, त्यावर आकृत्यांच्या जोड्या दहा. निवृत्त आरेखकाने चष्मा पुसला आणि फोन वाजायची वाट पाहिली. एरवी त्या घरात फोन वाजलाच तर तो चुकीच्या नंबरचा असे. बायको गेल्यापासून दुसरी खुर्चीही भिंतीला टेकून नुसती उभी होती.

"आजोबा, कागद छापून घेतला. सुरू करू?" परगावची नात विचारत होती.

प्रत्येक जोडीतली दुसरी आकृती पहिलीचे प्रतिबिंब आहे का, आणि असल्यास कोणत्या अक्षात, एवढेच तिला ओळखायचे होते. लेकीने अट घातली होती: दहाच्या दहा बरोबर आली की ही फोनवरची शिकवणी बंद, मग रविवारी पाचला पोहण्याचा वर्ग. गेल्या खेपेला नऊ आली होती. म्हाताऱ्याला त्या एका चुकीचा आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटली होती.

"पहिली क्ष-अक्षात. वरची खाली गेली, डावं-उजवं तसंच राहिलं."

"बरोबर."

"चौथी प्रतिबिंब नाहीच. नुसती अर्धा फेरा फिरवली आहे. मला फसवायला बसलात ना?"

"फसायला तूही काही कमी नव्हतीस."

ती हसली. नऊपर्यंत एकही चुकले नाही. म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला.

"दहावी," ती थबकली. "सांगता येत नाही."

त्याच्याकडच्या उत्तरात होते: य-अक्षातले प्रतिबिंब. म्हणजे नऊ. म्हणजे आणखी एक रविवार. त्याने सुटकेचा श्वास टाकला.

"सांगता येत नाही, असं उत्तर नसतं, बाळ."

"इथे आहे. हा त्रिकोण दोन्ही बाजूंनी सारखाच आहे. आरशात पाहिला तरी तिथेच बसतो आणि उचलून आठ घरं डावीकडे सरकवला तरी तिथेच. शिरोबिंदूंना अक्षरं दिली असती तर कळलं असतं. तुम्हीच तर म्हणता, अक्षरांवाचून आकृती म्हणजे नावावाचून माणूस."

त्याने पारदर्शक कागद ठेवून त्रिकोण गिरवला. कागद पालटला: बसला. पुन्हा सरळ केला आणि न पालटता आठ घरे सरकवला: तसाच बसला, रेघेवर रेघ. उभ्या हयातीत त्याने बिनअक्षरी नकाशा हातावेगळा केला नव्हता. आज सकाळी मात्र, ही शिकवणी शेवटची तर नाही ना या विचारात, नववीनंतर अक्षरे द्यायचीच राहिली होती.

"बाबा, किती आले?" फोनवर नातीच्या मागून लेकीचा आवाज आला. "वर्गात आजच नाव द्यायचंय. नाहीतर जागा जाते."

'नऊ' म्हटले असते तर लेकीने पडताळा थोडाच घेतला असता? शब्द ओठांवर आलाही. आजोबा काय ते खरेच सांगणार, याबद्दल पलीकडे नातीला शंका नव्हती.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "तिचं उत्तर बरोबर आहे."

"मग किती धरू?"

"दहापैकी दहा."