मोरदरीच्या वळणावरचा दगड

मी एक जुना दगड आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, दगडाला कसला आलाय राग, असं म्हणून हसू नका. तुम्ही माणसं एकमेकांना शिवी द्यायची झाली की माझंच नाव घेता. "नुसता दगड आहेस!" म्हणता. घ्या बापडे, माझी ना नाही. पण एकदा माझी हकिकत ऐका आणि मग ठरवा, दगड कोण ते.

भोकरदनच्या पलीकडे अजिंठ्याच्या डोंगराची एक रांग आपल्या जालना जिल्ह्यात उतरते. तिच्या कुशीत मोरदरी नावाची दरी आहे. वर पठारावर मोठं गाव, शाळा आणि तालुक्याला जाणारी सडक. खाली दरीत चाळीस घरांची वस्ती, एक झरा आणि फाल्गुनात लालेलाल होणारा पळस. वरून खाली यायला तीन किलोमीटरचा घाट आहे. त्या घाटाच्या तिसऱ्या वळणावर मी राहतो.

तसा मी डोंगराच्या पोटात किती वर्षं होतो कोण जाणे! पण उजेड पाहिला तो एक्क्याऐंशी साली. जालना तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि रोजगार हमीवर या घाटाचं काम निघालं होतं. सुरुंग उडाला आणि मी बाहेर पडलो. खडी फोडायला दरीतल्याच बाया होत्या. त्यांतल्या गोजरबाईच्या वाट्याला मी आलो. तिनं शेजारच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधली होती आणि झोळीत तिची सहा महिन्यांची बेबीनंदा झोपलेली असे. गोजरबाईनं दोन दिवस माझ्यावर हातोडा चालवला. माझी एक बाजू सपाट झाली, पण मी फुटलो नाही.

"गोजरबाई, ह्यो लई चिवट हाय," मुकादम बद्रीनाथ म्हणाला. "लोटून दे कडंला."

"लोटते मुकादम, पर रस्ता जल्दी होऊ द्या," ती म्हणाली. "माहं थोरलं लेकरू तापानं फणफणलं, दवाखान्यात न्हेता न्हेता ह्याच डोंगरात वाटंत गेलं. हिच्या वक्ताला तरी गाडी येऊ द्या दारापोतर."

अशा बायांनी हा रस्ता केला. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं एक साहेब येऊन त्याच बाईला रस्त्याच्या गोष्टी शिकवणार आहेत.

रस्ता झाल्यावर चारेक वर्षांनी माझ्या नशिबाला मान आला. जत्रेहून परतणारी माणसं भरून एक ट्रक घाट चढत होता. माझ्याच वळणावर त्याचं इंजिन बंद पडलं आणि ट्रक मागं घसरू लागला. बायकापोरांनी एकच कल्ला केला. गोजरबाईचा नवरा पुंजाराम तिथं शेळ्या चारत होता. त्यानं मला उचललं आणि मागच्या चाकाखाली सारलं. ट्रकचं सगळं वजन माझ्यावर आलं. मी तसूभर हललो नाही. लोक खाली उतरले, माझ्या पाया पडले, मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पंधरा दिवस मी देव होतो! मग एका शेळीनं वाळलेलं खोबरं चाटून खाल्लं आणि माझं देवपण संपलं. त्याचा मला राग नाही. दगडानं दगडासारखं राहावं आणि वेळेला उपयोगी पडावं.

माझा राग सुरू होतो तो नव्वद सालानंतर. मोरदरी फार देखणी आहे, असं कुठल्याशा वर्तमानपत्रात फोटोसकट छापून आलं. मग काय विचारता! जालन्याहून, कुठून कुठून जीपगाड्या आणि मारुत्या येऊ लागल्या. तिसऱ्या वळणावरून सगळी दरी दिसते, म्हणून प्रत्येक जण तिथं थांबणार. तिथला चढ मोठा, म्हणून प्रत्येकाला चाकाला लावायला दगड हवा. आणि सपाट बाजूचा, बरोबर चाकाखाली बसणारा दगड मीच! मला कडेच्या चरातून उचलायचे, चाकाला लावायचे, तासभर दरी पाहायचे, वडे खायचे, कागद टाकायचे आणि निघून जायचे. मी तसाच भर रस्त्यात. गरज सरो, वैद्य मरो!

मला हात नाहीत, पाय नाहीत. मी रस्त्यातून बाजूला कसा होणार? गोजरबाईच मला बाजूला करायची. डोक्यावर गवताचा भारा असला तरी तो उतरवायची, मला दोन्ही हातांनी उचलून कडेच्या चरात ठेवायची आणि निघून गेलेल्या गाडीला चार शिव्या हासडायची. "रस्त्यात धोंडा टाकून गेले मुडदे! ह्यांच्या घरात पाळण्यापाशी असा टाकून बघा म्हणावं." तिच्या शिव्या ऐकून मला बरं वाटायचं.

तिची बेबीनंदा मोठी झाली. बापाच्या जुन्या सायकलवर वरच्या शाळेत जाऊ लागली. चढाला सायकल ढकलत नेताना ती मोठमोठ्यानं पाठांतर करायची, त्यामुळे मला नववी-दहावीचं सगळं विज्ञान येतं. मी रस्त्यात दिसलो की सायकल आडवी टाकून तीही मला बाजूला सारायची. तिला नर्स व्हायचं होतं. आपला भाऊ ह्याच डोंगरात गेला, हे आईनं तिला शंभरदा सांगितलेलं. दहावी झाली की नर्सिंगला जाता येतं, असं तिला हेडमास्तर साहेबराव गुरुजींनी सांगितलं होतं. पुंजारामाचं मात्र वेगळंच. एकदा माझ्याजवळ बसून बिडी ओढता ओढता तो गोजरबाईला म्हणाला होता, "मार्चमधी पास झाली तं शिकवतो म्या. न्हाई झाली तं मंठ्याकडचे सोयरे तयार हायेत. वैशाखात उरकून टाकू." पोरीचं सगळं पुढचं आयुष्य एका परीक्षेला टांगलेलं होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. शहाण्णव साल, मार्चातला दुसरा शनिवार. कचेऱ्यांना सुट्टी. सोमवारी बेबीनंदाचा पहिला पेपर. सकाळीच ती हॉल तिकीट आणायला वर शाळेत गेली होती. गोजरबाई वळणाखालच्या शेतात गहू काढायला गेलेली. दुपारी वरून एक पांढरी मारुती व्हॅन उतरली. गाडीत जालन्याचे दीनानाथराव, त्यांची बायको उमाबाई, नऊ-दहा वर्षांची मुलगी शरयू आणि दीनानाथरावांचा धाकटा भाऊ वामन.

"अहो, थांबवा थांबवा! पळस बघा केवढा फुललाय!" उमाबाई म्हणाल्या.

गाडी थांबली. "वामन, हँडब्रेक ढिला आहे रे, पुढच्या चाकाला दगड लाव," दीनानाथराव म्हणाले. वामननं मला चरातून काढून चाकापुढं ठेवलं. मग फोटो झाले. उमाबाईंचे पळसाखाली, वामनचे कठड्यावर पाय ठेवून. निघायची वेळ झाली. दीनानाथरावांनी गाडी जरा मागं घेतली आणि मला वळसा घालून पुढं काढली. नीट ऐका, मित्रांनो. वळसा घालून! म्हणजे मी रस्त्यात आहे हे त्यांना दिसत होतं.

"काका, दगड काढायचा ना?" शरयूनं खिडकीतून विचारलं.

"राहू दे गं. परत हात मळतील," वामन म्हणाला.

"इथली माणसं असतात, ती काढतील," दीनानाथराव म्हणाले आणि गाडी खाली गेली.

इथली माणसं! इथल्या माणसांनी डोंगर फोडायचा, खडी फोडायची, आणि तुमच्या चाकाखालचे दगडही त्यांनीच उचलायचे! नोकर आहेत का ती तुमची? माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण दगडाचा राग काय कामाचा? मी आपला वळणाच्या सावलीत, रस्त्याच्या मधोमध पडून राहिलो. आता नंदा येईल, हे मला कळत होतं. आजवर एवढा कशालाच भ्यालो नव्हतो.

ती आलीच. उताराला सायकल सोडलेली, मराठीची कविता म्हणत. वळण घेतलं आणि मी समोर. तिनं ब्रेक दाबले, पण त्या जुन्या सायकलीच्या ब्रेकांत काय राम! पुढचं चाक माझ्यावर आदळलं. पोर उडून खडीवर पडली, उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आजही येतो.

किंकाळी ऐकून गोजरबाई विळा टाकून धावत घाट चढून आली. "नंदे! काय झालं गं माय!"

"आई, हात... आई, परवा पेपर हाय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

गोजरबाईनं माझ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं मला उचललं नाही, पायानं चरात ढकललं. बरोबर केलं तिनं.

तेवढ्यात खालून तीच पांढरी व्हॅन जेवणं उरकून परत आली. दीनानाथराव खाली उतरले. समोर काय पडलंय ते पाहिलं, आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "अहो बाई, काय माणसं आहात तुम्ही! भर वळणावर दगड टाकून ठेवता? आमची गाडी आदळली असती म्हणजे?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

गोजरबाई उठून उभी राहिली. "सायब, ह्यो रस्ता म्या ह्या हातानं फोडलाय. म्या टाकीन व्हय त्याच्यात धोंडा?"

"मग काय आकाशातून पडला?"

तेव्हा शरयू गाडीतून उतरली. तिनं चरात मला पाहिलं, माझी सपाट बाजू ओळखली. "बाबा, हा आपलाच दगड आहे. मघाशी वामनकाकानं लावला होता."

"शरू, तू गप्प बस!" उमाबाई म्हणाल्या.

"चुकलं" ही तीन अक्षरं त्या तीन शिकलेल्या माणसांच्या तोंडून निघाली नाहीत. दीनानाथराव खाली बघत म्हणाले, "बसा गाडीत. दवाखान्यात सोडतो." हॉल तिकीट रस्त्यावर पडलं होतं. उमाबाईंनी ते उचललं, वाचलं, "अगंबाई, सोमवारी पेपर का हिचा?" म्हणाल्या, आणि पोरीच्या डाव्या हातात दिलं. मायलेकींना तालुक्याच्या दवाखान्याच्या दारात उतरवून ते दिवस मावळायच्या आत जालन्याला गेले.

पुढचं मला वळणावर टेकणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून कळलं. हाताला प्लास्टर बसलं. सोमवारचा पेपर बुडाला, मग सगळेच बुडाले. पाच-सहा दिवसांनी साहेबराव गुरुजी पुंजारामाला माझ्याच वळणावर भेटले. गुरुजींनी गाडी थांबवून कपाळाला हात लावला.

"पुंजाराम, अरे रविवारी मला निरोप का न्हाई दिला? हात मोडलेल्या पोरीला लेखनिक मिळतो. ती तोंडानं सांगती, दुसरं पोरगं लिहितं. मी धावत जाऊन अर्ज दिला असता."

पुंजाराम म्हणाला, "गुर्जी, असं असतंय, हे आमाला कोण सांगंल?"

कोण सांगेल! गाडीत तीन शिकलेली माणसं होती. हॉल तिकीट हातात घेऊन वाचलं त्यांनी. तालुक्यापर्यंत तासभर त्या पोरीच्या शेजारी बसले. एकानं तरी सांगायचं होतं!

"ऑक्टोबरला बसव तिला," गुरुजी म्हणाले.

"सोयरे थांबतेत व्हय ऑक्टोबरपोतर?" पुंजाराम म्हणाला. मला पुंजारामाचाही राग आला. वाचा असती तर त्याच्यावर असा खेकसलो असतो की बिडी गळून पडली असती. पण वाचा तुम्हाला दिलीय, मला नाही.

वैशाखात लग्न झालं. लेकीची पाठवणी करून तिला वाटं लावलं, तेव्हा दिवस कलला होता. वऱ्हाडाचा टेम्पो घाट चढत माझ्या वळणावर आला आणि इंजिन तापून थांबला. क्लीनरनं सवयीनं मला चरातून ओढून मागच्या चाकाला लावलं. पाणी ओतलं, टेम्पो सुरू झाला आणि पुढं निघाला. मी पुन्हा रस्त्याच्या मधोमध. आत पोरं गाणी म्हणत होती. तेवढ्यात टेम्पोच्या फळीवर धबाधबा थापा पडू लागल्या. कुणीतरी ओरडत होतं, "थांबवा! अहो थांबवा!"

पुढं सपाटीला टेम्पो थांबला. मागून नवरी उतरली. बेबीनंदा. हळदीनं पिवळी, कपाळाला मुंडावळ्या. आतून नवरदेवाची आत्या द्वारकाबाई ओरडल्या, "अगं ए नवरी! वाटं लावलेल्या पोरीनं मागं पाऊल टाकू न्हाई! अपशकुन व्हतो!"

"व्हऊ द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "मागून माहा बाप सायकलवर येऊन राह्यलाय. अंधार पडायला झाला."

ती माझ्याजवळ आली. तिचं उजवं मनगट वाकडंच जुळलं होतं, त्या हाताची पकड बसेना. मग ती खाली बसली, डाव्या हातानं मला छातीशी धरलं आणि नव्या लुगड्याची पर्वा न करता फरफटत चरापर्यंत नेलं. उठून हात झटकले आणि टेम्पोत जाऊन बसली. थोड्या वेळानं पुंजाराम घाट चढून आला. धापा टाकत माझ्या शेजारून पुढं गेला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, दरी पाहायला जरूर या. पळस पाहा, झऱ्याचं पाणी प्या, फोटो काढा. पण निघताना "इथली माणसं काढतील" हे माझ्यासमोर पुन्हा म्हणू नका. वाकड्या मनगटाची एक नवरी चालती गाडी थांबवून खाली उतरली होती. तुमचे दोन्ही हात धड आहेत. उतरा, आणि दगड उचला.