कुजक्या पालकाखालचा कप्पा

मित्रांनो, नाकाला रुमाल लावूनच ऐका. फ्रिजच्या अगदी तळाशी भाजीचा कप्पा असतो ना, तोच मी. आता वय झालं, कोपऱ्याला चीर गेली, आणि माझ्या नशिबी जी घाण आली ती वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काचेसारखा आरपार होतो. एका शिंप्याच्या घरी आलो. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला पुसून लख्ख केलं आणि शेजारणीला बोलावून दाखवलं. मी अगदी हुरळून गेलो.

पुढे काकूंच्या अंगातलं रक्त कमी झालं. जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी रोज ताजी भाजी खायला सांगितली. वसंताचे दिवस, बाजार हिरवागार. मास्तरांनी मनावर घेतलं आणि दिसेल ते उचलून आणलं. पालक, मटार, पुदिना, मुळे, सगळं पिशव्यांसकट माझ्यात कोंबून ते दुकानात निघून गेले. निवडत बसायचं त्राण काकूंना नव्हतं. पालकाचा चिखल झाला, पुदिना काळा पडला, आणि ते बुळबुळीत हिरवं पाणी माझ्या चिरेत मुरलं. शी! मास्तर मात्र त्यावरच नवी जुडी ठेवत आणि भाबडेपणाने विचारत, एवढं आणतो तरी हिचा चेहरा फिका कसा?

एकदा काकूंनी मटारासाठी हात घातला तो थेट त्या चिखलात. त्यांना उमासा आला. त्या तिथेच फरशीवर बसल्या. मास्तर धावत आले.

"अहो, भाजी तुम्ही आणता," त्या म्हणाल्या, "पण ती निवडायची कोणी?"

मास्तरांनी स्वतः मला मोरीत नेऊन घासलं. वासाने त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

दुकानात ते प्रत्येक कापडाला त्याचं अस्तर टाचून ठेवत, म्हणजे शिवताना शोधाशोध नको. भाजीलाही त्यांनी तीच रीत लावली. मटाराबरोबर पुदिना, पालकाबरोबर कोवळे बटाटे. एका वेळी एकच जोडी. दुकानातून आले की फतकल मारून शेंगा सोलत, पानं निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळत, मगच माझ्याकडे देत. काकूंनी फक्त फोडणी टाकायची.

जुनी खोड एकदा उसळलीच. मास्तर तीन जुड्या घेऊन दारात हजर. काकूंनी त्या जुड्या आत घेतल्या नाहीत.

"आधी घरातलं गाजर आणि कांद्याची पात संपू द्या," म्हणाल्या, आणि जुड्या परत करायला स्वतःच खाली गेल्या. परत येऊन त्यांनी फ्रिज उघडला, तेव्हा त्यांना धाप लागलेली नव्हती.

मित्रांनो, आपल्या माणसासाठी भाजी आणलीत, तर ती निवडायलाही बसा. नाहीतर तुमची माया माझ्यातच कुजते, आणि तिचा वास फार वाईट असतो.