सात डोकी

"आके, तुमची बस चालली बघा!"

"चालते कशी? मी इथे बसलोय ना!" शार्शेनने वाडग्यातून तोंडसुद्धा वर केलं नाही. सगळे त्याला आके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचे. वाडग्यात घोडीचं आंबवलेलं दूध होतं, कुमीस, आणि हा त्याचा दुसरा वाडगा होता.

तंबूतली खानावळ चालवणारी बुरुल दारात उभी होती. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. "मग ती काय आपोआप चालली? या, बाहेर या आधी!"

तो बाहेर आला. सारी-बुलाकच्या थांब्यावरच्या टपऱ्या, भट्ट्यांचा धूर, सुकी मासळी टांगलेल्या दोऱ्या, सगळं जागच्या जागी होतं. फक्त बस नव्हती. घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर धुळीची एक लांब शेपटी तेवढी दिसत होती. शार्शेनच्या हातात वाडगा तसाच राहिला.

"अगं, ती माझी बस आहे," तो म्हणाला. एकोणीस वर्षं 'आक-तुमान' या बँडची बस त्याने चालवली होती. बसने त्याला सोडून जावं हे त्याच्या डोक्यात शिरेचना.

"होती," बुरुल म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

तिचं चुकलं नव्हतं. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टरने त्याच्या परवान्यावर सही करायला नकार दिला. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला डावीकडचं अर्धं धूसर दिसतं, आणि अशा माणसाच्या हातात घाटातली बस द्यायची नसते, एवढं त्यालाही कळत होतं. म्हणून नवा ड्रायव्हर आला. ओमुर्बेक, चाळिशीचा, जाडजूड, मोजकं बोलणारा. आज घाटापलीकडच्या नारीन शहराच्या फेरीत शार्शेनने त्याला सगळं दाखवायचं, संध्याकाळी कार्यक्रम बघायचा आणि उद्यापासून घरी बसायचं असं ठरलं होतं.

कार्यक्रम बघायचा! यासाठीच तर तो आला होता. एकोणीस वर्षांत त्याने या पोरांचा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. लोक हसायचे, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बँडवाल्यांचा दिवस संध्याकाळी सहाला सुरू होतो आणि ड्रायव्हरचा त्यांच्यानंतर. ते आत वाजवत असताना त्याने बसच्या मागच्या भागात, पडद्याआडच्या गादीवर झोपायचं, म्हणजे रात्री घाट उतरताना डोळा लागत नाही. गाणी त्याच्यापर्यंत यायची ती भिंतीतून, नुसती धडधड म्हणून. बायको विचारायची, "गातात तरी काय हो ते?" हा म्हणायचा, "मला काय ठाऊक? मी घोरत असतो."

पण कुतूहल काही झोपत नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर माणसं बाहेर यायची, आणि त्यांचे चेहरे बघून हा चक्रावून जायचा. कुणी रडलेलं, कुणी घामाघूम, कुणी उगाच अनोळखी माणसाला मिठी मारतंय. आत होतं तरी काय? ज्या गायक एर्मेकला तो बसमध्ये लोकरीच्या मोज्यांत, सकाळी तोंड न धुता, कच्चा कांदा खाताना बघायचा, त्याला बघून बायका रडतात कशा?

"अजून वळतील," तो बुरुलला म्हणाला. "डोकी मोजतील, एक कमी भरेल, मग येतील बोंबलत."

आणि तो रस्त्याकडे तोंड करून दगडावर बसला. त्याचा फोन आणि पाकीट दोन्ही कोटात, आणि कोट बसच्या खुंटीवर. बुरुलच्या फोनला त्या खोलगटात रेंज नव्हती. तिने भाड्याच्या गाडीचे पैसे देऊ केले. हा म्हणाला, "वेडी आहेस का? माझी बस येणार आहे."

तासाभराने त्याला आपली चूक कळली आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला.

प्रत्येक थांब्यानंतर दारात उभं राहून डोकी मोजायची, हे त्यानेच ओमुर्बेकला सकाळी शिकवलं होतं. "सात. सात भरले की निघायचं. सहा भरले तर कुणाच्या बापाला भ्यायचं नाही, थांबायचं." पाच वाजवणारे, एक आवाज सांभाळणारा, एक तिकिटांचं बघणारी बाई. सात. एकोणीस वर्षं तो सातच मोजत आला होता. मोजणारा स्वतःला कशाला मोजेल? ओमुर्बेकनेही सात मोजले, सात भरले आणि तो निघाला. शिकवल्याबरहुकूम!

बाकीच्यांना कळायचं कारणच नव्हतं. बसच्या सगळ्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या, उरलेल्या जागेत ढोल आणि पेट्या. आज शार्शेनला बसायला जागाच नव्हती, म्हणून निघताना ओमुर्बेकला सगळं दाखवून झाल्यावर तो पडद्याआड गादीवर आडवा झाला होता. आणि तो पडदा ओढलेला असला की कुणी हात लावायचा नाही, हा नियमही त्याचाच.

"स्वतःच्याच हाताने स्वतःला विसरलात की हो आके," बुरुल हसून लोळायची बाकी होती.

"हस, हस," तो म्हणाला, आणि मग त्यालाही हसू आलं. पण घड्याळात साडेतीन वाजले होते.

शेवटी एक जुनी झिगुली गाडी थांबली. मागच्या सीटवर दोन मेंढ्या बसल्या होत्या आणि चालवणारा भाचीच्या लग्नाला नारीनला निघाला होता. शार्शेन पुढे बसला. दुसऱ्याच्या हातातली गाडी म्हणजे त्याला शिक्षाच. प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता.

"आक-तुमानचे ड्रायव्हर? खरंच?" गाडीवाल्याने मान वळवली.

"रस्त्याकडे बघ, भाऊ."

"मग ते चाळीस पावलांचं गाणं... ते कसं सुचलं हो त्यांना?"

"कुठलं चाळीस पावलांचं?"

हा नक्की थापाड्या आहे, अशा नजरेने गाडीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. त्यानंतर तो मेंढ्यांशीच बोलला. दोलोन घाटाच्या माथ्याआधी गाडीने वाफ सोडली. शार्शेनने उतरून ओढ्याचं पाणी आणलं, झाकण कधी उघडायचं ते सांगितलं, पट्टा घट्ट करून दिला. गाडीवाल्याचं मत थोडं सुधारलं. पण पाऊण तास गेला तो गेलाच.

नारीनच्या नाट्यगृहापाशी उतरला तेव्हा पावणेसात झाले होते. ऊन अजून होतं. भिंतीतून ती ओळखीची धडधड ऐकू येत होती. दारात खुर्ची टाकून एक बाई बसली होती, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात तिकिटांचा गठ्ठा.

"तिकीट?"

"मी बँडचा माणूस आहे. ड्रायव्हर."

"ड्रायव्हर बसमध्ये झोपलाय. मी स्वतः बघितलाय, ओठ फेंदारून घोरतोय. दुसरी थाप मारा."

"तो नवा. मी जुना."

"आज बँडवाले फार झालेत बाई," ती म्हणाली. "मघाशी एक जण एर्मेकचा काका होता. त्याच्या आधी दोन जण ढोलवाले होते."

शार्शेन इमारतीला वळसा घालून बसपाशी गेला. दार आतून लावलेलं. मागच्या काचेतून दिसत होतं. गादीवर ओमुर्बेक पालथा पडला होता, अंगावर शार्शेनचीच गोधडी. खुंटीवर कोट. कोटात पाकीट, फोन, सगळं. काचेवर एक टिचकी मारली की काम झालं. रिकामी गादी बघून तो गाढव काय समजला असेल? आके आधीच आत जाऊन बसले, आणखी काय!

त्याने बोट उचललं, आणि ते हवेतच राहिलं.

दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. कुठल्याशा गावात पोरांनी हौसेने त्याला उठवलं होतं. "चला आके, एक तरी गाणं ऐका!" तो गेला. दारातच कुणी गप्पांत धरलं, गाणं राहिलं आणि झोप गेली ती गेलीच. रात्री याच घाटातून परतताना त्याचा डोळा लागला, फार नाही, पापणी मिटून उघडेपर्यंत, आणि बस बर्फाच्या चरात आडवी झाली. कुणी मेलं नाही. पण केनेश गिटार वाजवायचा, त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं मोडली. तो आता बिश्केकच्या बाजारात पडदे विकतो. भेटला की तो हात खिशात ठेवूनच हसतो, आणि शार्शेनला ते हसू आजही सोसत नाही. तेव्हापासून नियम झाला. आकाश कोसळलं तरी झोपलेल्या ड्रायव्हरला उठवायचं नाही.

आज रात्री तोच घाट होता आणि आत तीच पोरं. शार्शेनने हात खाली घेतला.

मागचं दार फुकट्यांच्या भीतीने आतून बंद होतं. त्याने भिंतीला कान लावून पाहिला. धडधड. एकोणीस वर्षांची तीच ती धडधड! त्याला एकदम रडूच आलं. उद्यापासून ही भिंतसुद्धा मिळणार नव्हती. तो पुन्हा पुढच्या दारापाशी आला.

"परत आलात?" बाई म्हणाली. "बरं, बँडचे आहात ना? मग सांगा, त्यांचं पहिलं गाणं कुठलं?"

"माहीत नाही."

"शेवटचं?"

"तेही नाही."

"निदान एक तरी नाव?"

"बाई, मला एकही गाणं माहीत नाही. ऐकलंच नाही कधी. एर्मेकला डाव्या कुशीवर झोप लागत नाही हे माहीत आहे. पेटी वाजवणारी बेगाय घाटात सोळाव्या वळणावर ओकते हे माहीत आहे, तिच्यासाठी पिशवी कुठे ठेवलेली असते ते माहीत आहे. ढोलवाल्याची आई गेली तेव्हा त्याला तीनशे किलोमीटर न थांबता कुणी नेलं ते माहीत आहे. गाणी नाहीत माहीत. तीच ऐकायला आलो होतो."

बाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सदऱ्याला मेंढीची लोकर, हाताला गाडीचं काळं.

"लबाड माणूस निदान एक गाणं तरी पाठ करून आला असता," ती म्हणाली आणि तिने खुर्ची बाजूला ओढली. "जा आत. आणि हात कुणाच्या अंगाला पुसू नका."

आत गच्च अंधार आणि गर्दी. पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी होती. एर्मेकने त्याच्यासाठी ठेवली होती ती. आके पुन्हा झोपले असतील असंच त्याला वाटलं असणार. तिथवर जाणं शक्य नव्हतं. शार्शेन मागच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि डोळे ताणून बघू लागला. धूसर का होईना, पण दिसत होतं. बेगाय खांबासारखी ताठ उभी होती, घाटात ओकणारी ती हीच का, असा प्रश्न पडावा. एर्मेकच्या पायात चक्क बूट होते.

मग ढोल वाजला. टक, टक-टक, टक.

शार्शेन दचकला. हा ठेका? हा तर त्याच्या पाठीतून गेला होता! त्याच्या सीटच्या मागे बसून एर्मेक वर्षानुवर्षं बोटांनी हेच बडवायचा, आणि हा आरशातून ओरडायचा, "अरे ए, बंद कर ते! लक्ष जातं माझं!" त्यावर बेगायने धरलेला सूर, तो ती खिडकीला डोकं टेकून गुणगुणायची. दातदुखीने कण्हतेय असं त्याला वाटायचं. पुढचं गाणं लागलं, तेही ओळखीचं. त्याचा एक तुकडा कोचकोरच्या वळणावर ऐकलेला, एक पेट्रोलपंपावर, एकावरून दोघांचं आठवडाभर भांडण चाललेलं. म्हणजे ही गाणी त्याच्या पाठीमागेच शिजली होती, आणि तो आपला आत काय असतं, आत काय असतं, म्हणून झुरत बसला होता!

शेवटचं गाणं सुरू झालं आणि सगळं नाट्यगृह उभं राहिलं. घाटातल्या रात्री काय दिसतं, असं एर्मेकने गाण्यातून विचारलं. आणि हजार माणसांनी एका आवाजात उत्तर दिलं, "फक्त पुढची चाळीस पावलं, आणि तेवढी पुरतात."

हे शार्शेन बोलला होता. बेगायने विचारलं होतं कधीतरी, भीती वाटत होती म्हणून. दिव्याच्या उजेडात जेवढं दिसायचं तेवढं त्याने सांगितलं होतं. त्याने खांब घट्ट धरला. शेजारच्या मुलीचे गाल ओले होते. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ओळखपाळख नसताना त्याला मिठी मारली. तिच्या पांढऱ्या पोलक्यावर त्याच्या हाताचं काळं लागलं.

तो सगळ्यांच्या आधी बाहेर पडला आणि बसपाशी जाऊन उभा राहिला. ओमुर्बेक अजून झोपला होता.

मग पोरं आली, आणि एकच कल्ला झाला. "म्हणजे तुम्ही सारी-बुलाकला? दिवसभर? अरे देवा!" बेगाय त्याच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. ओमुर्बेक डोळे चोळत उतरला, सगळं ऐकलं आणि पांढराफटक पडला. "पण आके, तुम्हीच म्हणालात सात."

"मीच म्हणालो. आज आठ मोज."

"आणि उद्यापासून?"

"उद्यापासून सात," शार्शेन म्हणाला. "आणि आठवा तू. स्वतःला धरत जा."

एर्मेकने त्याला स्वतःच्या जागेवर बसवलं, ड्रायव्हरच्या बरोबर मागे, आणि आपण पडद्याआड गेला. ओमुर्बेकने दारात उभं राहून बोट नाचवत मोजलं, आठ भरले, आणि बस निघाली. उजेड सरत होता. घाटाच्या पायथ्याशी दिवे लागले, आणि शार्शेनने सवयीने पुढे पाहिलं. पुढे ओमुर्बेकची रुंद पाठ होती. रस्ता दिसत नव्हता.

केव्हातरी त्याची बोटं पुढच्या सीटच्या पाठीवर हलू लागली. टक, टक-टक, टक.

आरशात ओमुर्बेकचे डोळे दिसले. "आके, रागावू नका," तो हळूच म्हणाला, "पण ते वाजवणं तेवढं थांबवा. लक्ष जातं माझं."

"बरोबर आहे," शार्शेन म्हणाला. त्याने हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.