नारळाचा मान

चितेगावच्या फाट्यावर माझं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि एक स्टोव्ह, पण पैठण रस्त्यावर याला हॉटेलच म्हणतात. दिवसपाळी सुटली की कंपन्यांतली माणसं सायकली लावून इथं बसतात आणि फुटबॉलवर बोलतात. क्रिकेटवर बोलणारी माणसं साऱ्या जिल्ह्यात सापडतील. आमच्याकडे हे खूळ शहराच्या छावणी भागातून कामाला येणाऱ्या पोरांनी आणलं. आधी बॉल आला, मग क्लब झाला, आणि क्लब झाल्याबरोबर त्याचे शहाणेही झाले. खेळणारे अकरा असतात, शहाण्यांना मोजदाद नाही.

मला यातलं काय कळतं, असं कोणी विचारील. माझे मालक बारा वर्षं या टीमचे गोली होते. गाव त्यांना बन्सी म्हणतं, मी नाव घेत नाही. टीम जिंकली की पुढच्या पोरांनी जिंकवली आणि हरली की बन्सीनं घालवली, असा इथला न्याय. माझ्याच बाकड्यावर बसून, माझाच चहा पिऊन, माझ्याच नवऱ्याला नावं ठेवायची. मी चहात साखर कमी टाकायचे, दुसरं काय करणार. मालक मात्र मागच्या बाजूला मोरीपाशी बसून चहा घेत आणि कधी कुणाला उत्तर देत नसत.

शहाण्यांत दोघं मुख्य. एक कारभारी नावाचा, गावचाच, शेती भावाकडे टाकून कंपनीत लागलेला, आवाज चार शेतांपलीकडे जाणारा. दुसरे अनंतराव, शहरातून येणारे, कंपनीत अकाउंटला. क्लबचा पैसा त्यांच्याकडे असे. दोघांनीही जन्मात बॉलला पाय लावला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट तरी कशाला हवा, बाकडं पुरतं.

त्या साली, म्हणजे मोबाइल नुकते लोकांच्या खिशात आले तेव्हा, त्याआधी आम्ही दिवाळीनंतरची फायनल बजाजनगरच्या टीमशी लागोपाठ तीनदा हरलो होतो. चौथीही त्यांच्याशीच होणार, हे पोरांच्या खेळावरून दिसत होतं.

"त्यायच्याकडं पैसा हाय," कारभारी म्हणाला. "पोरायला बूट हायेत, मॅचच्या दिवशी केळी देतेत. आपल्याकडं काय हाय? गोलात बन्सी."

"पैसा त्यांच्याकडे आहे कारण ते जपून वापरतात," अनंतराव म्हणाले. "आपण गेल्या वर्षी हरल्यावर मिरवणूक काढली."

"बँडवाल्याला इसार दिलता. वाया घालवायचा का मंग?"

"हेच म्हणतोय मी. आपल्याकडे जमेची बाजू म्हणजे एक नारळ. बाकी सगळा खर्च."

या नारळाचं सांगायला हवं. गावच्या यात्रेत मारुतीपुढच्या नारळाचा लिलाव होतो. त्याच चालीवर क्लबनं फायनलचा नारळ काढला. बोली ज्याची चढेल त्यानं मॅचआधी गोलच्या खांबापाशी नारळ फोडायचा आणि आमच्या अकरांत एक नाव सांगायचं. हे नावाचं खूळ एका पाटलामुळे आलं. त्याला आपला भाचा खेळवायचा होता म्हणून त्यानं बोली वाढवली, आणि भाचा खेळला. एकदा झालेली गोष्ट आमच्याकडे दुसऱ्या वर्षी रीत होते आणि तिसऱ्या वर्षी ती मोडणं पाप होतं. पाटील दर साली नारळ घ्यायचा, भाचा दर साली एका कोपऱ्यात उभा राहायचा, कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पण त्या साली शहाण्यांना नवा गोली हवा होता. पोरगा हेरलाही होता. अजिंठ्याकडचा सांडू, आमच्याच बाजूच्या कंपनीत लागलेला, उंच, हाताला लांब. त्याला बूट हवे होते, हातमोजे हवे होते, सरावासाठी पाळी बुडली तर तिची भरपाई हवी होती. एवढा पैसा पाटलाच्या बोलीतून निघण्यासारखा नव्हता. कारभारीनं अक्कल लढवली. म्हणाला, बोलीला माणसं कमी पडतात, रिक्षावर भोंगा लावून फिरवा. आपल्या कंपन्यांतली कितीतरी माणसं खोल्या करून बजाजनगरला राहतात, रिक्षा तिकडंही जाऊ द्या. अनंतरावांनाही ते पटलं. पैसा कुठूनही आला तरी जमेतच धरायचा असतो, असं ते म्हणाले.

मालकांना सगळं कळत होतं. एका रात्री जेवताना म्हणाले, "ही एक फायनल उभा राह्यलो असतो. मंग सोडलंच होतं मी." बस, तेवढंच. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी मीच कारभारीपुढे विषय काढला.

"वैनी, माया येगळी आन टीम येगळी," तो म्हणाला आणि चहाचा ग्लास पुढे केला. मी भरून दिला. अजून मला त्याचा राग येतो.

लिलाव मारुतीच्या पारावर झाला. पाटलानं सुरुवात केली आणि गर्दीतून बजाजनगरचा बद्रीनाथ उठला. सायकलींचं दुकान चालवणारा, गोड बोलणारा, त्यांच्या टीमचा कर्ताधर्ता. कारभारीला गंमत वाटली. "वाढवा पाव्हणं, देवाच्या दारात लाजू नगा," असं म्हणून तो त्याला चढवू लागला. बद्रीनाथ वाढवत गेला. पाटील थकून खाली बसला. कधी गेला नव्हता अशा भावाला नारळ गेला, आणि अनंतरावांनी हसत हसत पावती फाडली.

"आता नाव सांगायचं असतंय ना?" बद्रीनाथ म्हणाला. "गोलात बन्सी."

बजाजनगरचं कोणीतरी हसलं आणि सगळ्यांना उमगलं. भल्या माणसानं पैसे मोजून आमच्या गोलातली फट विकत घेतली होती, आणि ती फट म्हणजे माझा नवरा. मी बायकांच्या बाजूला उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मालक खांबाला टेकून उभे होते, ते तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात नुसता कल्ला. कारभारी म्हणाला, पैसे परत करा. अनंतराव म्हणाले, बुटांचे पैसे सकाळीच दुकानात भरले. कारभारी म्हणाला, मग मान मोडा, नारळाला काय कळतंय. तेव्हा म्हातारी माणसं उठली. गावाचा शब्द आहे, आज हा मोडला तर उद्या यात्रेतला मोडाल, असं म्हणाली. भोंगा लावून बोलावलं कोणी, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही.

तेवढ्यात मालक पाळी करून आले. ते म्हणाले, "नारळाचा शब्द हाय. मी उभा राहतो," आणि मागं हात धुवायला गेले.

घरी मी भांडले. म्हटलं, त्यांनी तुम्हाला हसायला घेतलंय, साऱ्या तालुक्यापुढे शोभा होणार, आजारी पडा, गावाला जा, काहीही करा.

"त्यायनी कशापायी घेतलं ते त्यायचं," ते म्हणाले. "उभा मी राहणार हाय."

फायनलला मैदान भरलं होतं. बद्रीनाथनं आमच्याच गोलच्या खांबापाशी नारळ फोडला आणि मालकांच्या हातावर खोबरं ठेवलं. मालकांनी ते खाल्लं. मला तर ते थुंकावंसं वाटलं असतं.

बजाजनगरवाल्यांनी सुरुवातीपासून बॉल लांबून मारायला घेतला, कारण बन्सी आहे, जाईलच कुठून तरी. पहिला बॉल मालकांच्या छातीवर बसला आणि त्यांनी तो धरला. दोन-तीन बाहेर गेले. मग एक उजवीकडून खालून आला आणि त्यांनी आडवी उडी घेऊन बोटांनी बाहेर काढला. पडले ते गुडघ्यावर. उठायला वेळ लागला, पण उठले. आमची माणसं त्यांचं नाव घेऊन ओरडायला लागली. बारा वर्षांत मी असं ऐकलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी पदरानं तोंड झाकून घेतलं. पलीकडे बजाजनगरची माणसं बद्रीनाथच्या अंगावर धावून गेली होती, क्लबचे पैसे पाण्यात घातलेस म्हणून. तेही मला फार गोड लागलं.

अर्धी मॅच झाली. गोल कुणाचाच नव्हता. मालक चालत चुन्याच्या रेघेपाशी आले, तिथं सांडू बसला होता. त्यांनी हातमोजे काढले आणि त्याच्या मांडीवर ठेवले.

"नारळाचा शब्द झाला," ते म्हणाले. "अकरांत होतो मी. आता तू जा."

कारभारी धावत आला. "येडा झाला का रं? आत्ता कुठं खेळायला लागला अन् बाहेर निघतो?"

"गुडघा गेला. दुसरी उडी बसायची नाय."

"उडी नको मारू, नुसता उभा राहा," अनंतराव म्हणाले. इतकी वर्षं याच माणसांनी यांना काढा म्हणून माझा रॉकेल-साखरेचा नाश केला होता. मालकांनी ऐकलं नाही. त्यांनी पँट वर करून गुडघा दाखवला, तो सुजून टरारला होता. सांडूनं हातमोजे चढवले आणि तो आत गेला.

सांडू चांगला खेळला, खोटं कशाला बोलू. पण मॅच संपत आली तेव्हा त्यांचा डावीकडचा पोरगा बॉल घेऊन घुसला. सांडू लांबच्या खांबाकडे सरकला आणि त्या पोरानं बॉल जवळच्या खांबाला चिकटून खालून मारला. आम्ही एका गोलनं हरलो.

दुसऱ्या दिवशी बाकडी भरली. सांडू कडेला बसला होता, समोरचा चहा तसाच.

"बूट दिले, मोजे दिले, पाळी भरून दिली," कारभारी म्हणाला. "जवळचा खांब मोकळा सोडला लेकाच्यानं."

"एवढ्या खर्चात काय मिळालं?" अनंतराव म्हणाले.

"बन्सी असता तर गेला नसता," कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणायला लागले. बन्सी असता तर. बन्सीला बाहेर कोणी जाऊ दिलं. अनुभव तो अनुभव. माझ्या हातातली चहाची गाळणी थांबली. मला वाटलं, देवानं उशिरा का होईना, ऐकलं.

मालक मागून लंगडत आले. या गप्पा चालू असताना ते कधी पुढं येत नसत. ते सांडूच्या शेजारी बसले.

"तो बॉल मलाबी गावला नसता," ते म्हणाले. "त्यानं ऐन वक्ताला पाय वळवला. कुणालाच गावला नसता."

बारा वर्षं गोलात उभ्या राहिलेल्या माणसानं सांगितल्यावर शहाण्यांनी सांडूला सोडलं. ते पुढच्या पोरांकडे वळले, की मॅचभर एक गोल करता आला नाही यांना. सांडूनं ग्लास उचलला.

दिवेलागणीला गर्दी पांगली. मी ग्लास विसळत होते, मालक पुसत होते. मी विचारलं, "खरंच गावला नसता?"

"तो पोरगा दर साली तितंच मारतो," ते म्हणाले. "झोपेत बी थांबवला असता."

मी ग्लास आपटला. म्हटलं, जन्मात पहिल्यांदा गाव तुमचं नाव घेत होतं आणि तुम्ही आपल्या हातानं ते पुसलंत. चार दिवस घेऊ द्यायचं होतं. तुमचं काय जात होतं?

"माझं नाव त्या पोराला हाणायला घेत व्हते," ते म्हणाले. "कसं लागतं ते मला ठावं हाय. बारा वर्षं रोज घरी जाऊन नीट जेवलो नाय मी."

त्या बारा वर्षांत त्यांचं ताट मीच वाढत होते, आणि मला वाटायचं, या माणसाला भूकच कमी आहे.