बसव्वाचं नाक

होटगीच्या अलीकडं एका गावात बसव्वा राहते. तिच्या नाकाची कीर्ती अशी, की वरच्या वस्तीवर कुणाची म्हैस ओढ्यात बसली ते हिनं खाली घागर हुंगून सांगावं, आणि म्हैस गाभण असेल तर तेही. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा. गावची प्यायच्या पाण्याची विहीर ओढ्याला लागूनच. दर सोमवारी बसव्वा पहिली घागर हुंगायची, मग गाव प्यायचं.

पाणी पिण्याजोगं केलं ते तिच्या नवऱ्यानं, महादेवप्पानं. सांडपाणी ओढ्यातून थेट विहिरीत मुरायचं. त्यानं वाटेत रुंद चर खणला, खडी-वाळू भरली, वर कर्दळ आणि वाळा लावला. मुळ्या घाण खायच्या, पुढं नितळ पाणी झिरपायचं. इतकं नितळ, की तळाशी पडलेल्या सुईत काठावरून दोरा ओवावा. कर्दळ जून झाली की मात्र तो ती कापून लांब उकिरड्यावर टाकायचा. जेवून तट्ट झालेल्या पाहुण्याला वेळेवर वाटेला लावावं, म्हणायचा, नाहीतर तो तिथंच घाण करतो.

उन्हाळ्यात महादेवप्पा गेला. बसव्वा रडली नाही. बायांनी गळ्यात पडून पाहिलं, चिमटे काढून पाहिले. ती भाकरी खायची, पुठ्ठा चावल्यासारखी, आणि भांडी घासायची.

दुःख गावानंच मनावर घेतलं. महादेवप्पाच्या हातची कर्दळ म्हणून कुणी पानाला विळा लावेना. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी नारळ फोडला. कर्दळ अशी माजली, की एक शेळी आत शिरली ती करडं घेऊनच बाहेर आली. खाली पानं कुजली, चर तुंबला, काळं पाणी वरून विहिरीत उतरलं.

सोमवारी घागर पुढं यायची. बसव्वा हुंगायची, म्हणायची, "बरं हाय." गाव प्यायचं.

मग घरोघरी पोटं बिघडली. विहीर बुजवून टँकर लावायचं ठरत आलं, तरी त्या नाकाविरुद्ध बोलायची कुणाची छाती होईना. शेवटी शेजारची कमरबी तांब्या घेऊन आली. तिचा नातू दवाखान्यात सलाईनवर होता.

"बसव्वा, खरं सांग. वास येतोय का तुला?"

बसव्वानं हुंगलं. "न्हाय."

"मेल्या उंदरागत मारतंय गं."

"मला कशाचाच येत न्हाय. ते गेल्यापासनं. फोडणीचा न्हाय, उदबत्तीचा न्हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"माझं कुणी इचारलं न्हाय. पाण्याचं इचारलं."

कमरबीनं तांब्या उंबऱ्यावरच उपडा केला. बसव्वानं वळचणीतला विळा काढला आणि चरावर गेली. माणसं जमली. महादेवप्पाची आठवण आहे, हात लावू नको, असं चारचौघांनी समजावलं.

"ते सोता कापायचे," बसव्वा म्हणाली, आणि नारळाच्या करवंट्या बाजूला सारून खाली वाकली. थोड्या वेळानं कमरबीनं पदर खोचला. मग बाकीच्यांनीही.

चर मोकळा केला, विहीर उपसली, औषध टाकलं. गाव उकळून पीत राहिलं, तोवर नवी कर्दळ फुटली. एका सोमवारी सवयीनं घागर बसव्वापुढं आली. तिनं ती कमरबीकडं सरकवली. कमरबीनं इतका वेळ हुंगलं, की घागरीतलं पाणी कमी झालं म्हणतात.

"वास न्हाय," ती म्हणाली.

"मलाबी न्हाय," बसव्वा म्हणाली.

कुणीतरी हसलं, मग थांबलं. बसव्वानं घागर कमरेवर घेतली आणि ती घरी गेली.