चार वाजताचं भूत

बंद मिलच्या गोदामातल्या कॉम्प्युटर ऑफिसात अर्धी वस्ती नारळ घेऊन लोटली होती. शाळांचे निकाल जिथून दिसत तो सर्व्हर रोज चारला, मिलचा भोंगा पूर्वी वाजायचा नेमक्या त्याच वेळी, कोसळायचा. उठवला की पुन्हा पडायचा. भूत उतरवणाऱ्या चिंतामण महाराजांनी लिंबू फिरवलं, की मगच टिकायचा!

"मशीनमध्ये मजदूरांची आत्मा अटकलीय, भिया!" महाराज ऑफिसचे मालक रघुवीरजींना म्हणाले. "मिलमजदूराच्या पोरीचा हात लागला की भडकते. हिला हटवा, दक्षिणा ठेवा, मी अनुष्ठान करतो."

ती पोरगी म्हणजे सर्व्हर सांभाळणारी पंचशीला. वडील नथू याच मिलचे कामगार, मिल बंद पडल्यापासून घरी बसलेले, घर तिच्या नोकरीवर चाललेलं. आणि आज तेही गर्दीत नारळ घेऊन उभे!

चारला पाच मिनिटं असताना तिने सर्व्हरची इंटरनेटची वायर उपटली. "मशीन चालू आहे. येऊ दे आत्म्याला."

चार वाजले. सव्वाचार झाले. सर्व्हर ठणठणीत.

"आत्म्याला यायला वायर लागते का, महाराज?"

कोणीतरी फिसकन हसलं. तिने वायर जोडली, आणि सर्व्हर धाडकन पडला.

"देखा?" महाराजांनी लिंबू उचललं. दुसरा हात हळूच झोळीत गेला.

"रघुवीरजी, तो हात धरा!"

झोळीतून मोबाइल निघाला. राजवाड्याजवळ सायबर कॅफे चालवणाऱ्या महाराजांच्याच भाच्याला मिस कॉल चालला होता. मिस कॉल म्हणजे 'आता थांब'. सर्व्हरच्या नोंदीतही रोज चारला त्याच कॅफेचा पत्ता.

"गुप्त बोलणं सुरू करण्याआधी सर्व्हर समोरच्याशी नमस्कार करतो," पंचशीलाने सांगितलं. "भाचा मुद्दाम वाकडा नमस्कार धाडायचा. आपल्या कुलपाच्या सॉफ्टवेअरला तो पचत नव्हता, ते बेशुद्ध पडायचं. चोरी काही नाही, फक्त दुकान बंद. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी त्यावरची दुरुस्ती केव्हाच आणलीय. मीच थांबले होते, आधी भूत पकडायचं म्हणून."

महाराज मागच्या दाराने पसार झाले. तिने ती दुरुस्ती सर्व्हरवर चढवली. दुसऱ्या दिवशी चार वाजून गेले तरी सर्व्हर पडला नाही.

नथू त्या दिवशीही आले होते. "मला वाटलं, बेटा, मिल आपली आठवण काढतेय." मग म्हणाले, "मिलला कुलूपपण माणसांनीच लावलं होतं. आम्ही नशीब नशीब करत बसलो, कुणी लावलं ते विचारलंच नाही."

म्हणून सांगणं एवढंच: यंत्र बंद पडो की मिल, नारळ फोडण्याआधी वायर कुठे जाते ते पाहा. तिच्या दुसऱ्या टोकाला माणूसच सापडेल.