कोरं मशीन

निकिताच्या उजव्या हाताची चार बोटं नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात प्रेसखाली गेली, तेव्हा मालकाच्या केबिनमध्ये बोलायला तिची आजी गेली. बाप मच्छिंद्र दाराशी टोपी चुरगाळत उभा राहिला. मालक दहा हजारांवर अडून बसला होता. गोजरबाईनं त्याच्या टेबलावर आपला पंजा ठेवला आणि म्हणाली, "घ्या, मोजा. तुमच्या बोटाचा काय भाव लावताय ते आधी सांगा, मंग आमच्या पोरीचं बोलू." तीस हजारांवर मिटलं. ते पैसे त्या दिवसापासून गोजरबाईच्या कमरेच्या पिशवीत होते आणि पिशवीची गाठ तिच्याशिवाय कुणाला सुटत नव्हती.

हात बरा व्हायच्या आत स्थळ आलं. शेवगावकडचा आदिनाथ, भुसार दुकानवाला, चाळिशी ओलांडलेला. बायको वारून वर्ष झालेलं, दोन लेकरं. मच्छिंद्रला ते पटलं होतं. "आई, ह्या हाताला आता दुसरं कोण येनार हाय?"

"डिप्लोमा झाल्याली पोर हाय ती. बिजवराच्या लेकरांची शेंबडं पुसायला न्हाई शिकवली मी."

"मंग काय करनार ती घरी बसून?"

काय करणार ते निकितानं शोधून ठेवलं होतं. नागापुरातच राम शिरसाट नावाचे एक वर्कशॉपवाले होते. ते साच्यांची ड्रॉइंग बाहेरून करून घेत. निकिताचं काम त्यांनी पाहिलेलं होतं. ते म्हणाले, "डाव्या हातानं कर न्हाई तर पायानं कर, मला ड्रॉइंग बरोबर पाहिजे. घरी कॉम्प्युटर बसव. एक मोठं काम पाठवतो, चार दिवसांत करून दिलंस तर दर महिन्याला काम तुझं." मच्छिंद्रनं ऐकलं आणि महिन्याची मुदत दिली. महिन्यात काम लागलं नाही तर शेवगावला होकार जाणार. गोजरबाई म्हणाली, "व्हय, तसं झालं तर मी तोंड उघडनार न्हाई." तिला वाटलं, तशी वेळ येतेय कशाला.

आजी-नात एसटीनं नगरला आल्या. स्टँडमागच्या गल्लीत करणचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, पुढं नवा माल आणि मागच्या फळीवर जुना. निकितानं डाव्या हातानं वाकड्या अक्षरात यादी लिहून आणली होती. दोन आठवडे मोबाईलवर भाव बघून एकेक वस्तू ठरवलेली. तिला मागच्या फळीवरचं पाहिजे होतं. ऑफिसातलं वापरलेलं मशीन, दणकट प्रोसेसर, मेमरी भरपूर आणि त्यात बसवायला एक जुनं ग्राफिक कार्ड. मॉनिटर धरून सगळं पैशात बसत होतं.

करणनं मशीन उचलून काउंटरवर ठेवलं. काळं, जड, एका कोपऱ्याला चरा गेलेला. पुढच्या बाजूला कुठल्याशा कंपनीचा अर्धा फाटलेला नंबर चिकटलेला.

"हे कुनाचं हुतं?" गोजरबाईनं विचारलं.

"पुण्याच्या एका कंपनीचं, आजी. कंपनी बंद पडली, माल लिलावात आला."

"म्हंजी बुडालेल्याचं. आन् ह्याच्यावर काम करत हुता तो मानूस? हाय का गेला?"

करण हसला. "त्याची चौकशी कोन करतंय, आजी. मशीनला काय सुतक असतंय का?"

"तुला न्हाई कळायचं."

त्याला कळण्यासारखं नव्हतंच ते. गोजरबाई स्वतः दुसरेपणाची. चौदाव्या वर्षी ती या घरात आली, तेव्हा मेलेल्या सवतीचं लुगडं नेसून. जोडवी सवतीची, तांब्या सवतीचा, चुलीपुढचा पाटसुद्धा सवतीच्या बुडानं गुळगुळीत झालेला. वर सासूनं सवतीची मूर्ती कोरलेला चांदीचा टाक गळ्यात बांधला. सणाला आधी त्या टाकाला घास दाखवायचा, मग आपण जेवायचं. पोर आजारी पडलं की सवत रुसली म्हणायचे. पहिली दहा वर्षं तिला वाटायचं, आपण या घरात पाहुण्या आहोत आणि घरवाली कधीही येऊन उठ म्हणेल. हातात चार पैसे आल्यावर तिनं एकेक वस्तू मोडीत घातली आणि कोरी आणली. तेव्हापासून तिच्या घरात वापरलेला चमचा आलेला नव्हता.

"नवं दाखव," ती म्हणाली.

"आजी, ह्या पैशात नवं घेतलं तर लहान येतंय," निकिता म्हणाली. "कार्ड बसत नाही त्यात. कार्डाशिवाय ड्रॉइंग फिरणार नाही."

"फिरंल. न फिरायला काय झालं? कोरं हाय."

"अगं, कोरं असून काय उपयोग? बैल कोरा असतो का? त्याची ताकद बघतेस ना तू?"

"बैलाची बी मी आधी दावन बघते, निके. कुनाच्या दावनीचा हाय ते."

करणनं एकदाच सांगितलं, "पोरगी बरोबर बोलतीय, आजी." गोजरबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मुकाट्यानं नवी खोकी काढली. छोटा प्रोसेसर, अर्धी मेमरी, साधा बोर्ड आणि काचेचं कॅबिनेट. आत लाल-निळे दिवे फिरणारं. पैसे तितकेच झाले. पिशवीची गाठ सुटली. निकितानं यादी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली.

घरी मशीनला हळदकुंकू लागलं. शेजारची लंकाबाई दिवे बघायला आली. गोजरबाईनं रिकामी खोकी ट्रंकेवर एकावर एक रचून ठेवली, येणाऱ्याला दिसतील अशी. "सीलबंद आनलंय," ती प्रत्येकाला सांगत होती. "माझ्यासमोर फोडलं."

आठव्या दिवशी शिरसाटांचं काम आलं. दोनशे सुट्या भागांचा साचा. निकितानं फाईल उघडायला लावली आणि चहा करून आली, तरी ती उघडतच होती. उघडली तेव्हा तिनं डाव्या हातानं माउस हलवला. पडद्यावरचा साचा जागच्या जागी थिजला. कॅबिनेटमधले दिवे मात्र फिरत होते. तिनं मशीन बंद करून चालू केलं. साच्याचे तुकडे पाडून एकेक करून बघितलं. तुकडे जुळवायला घेतले की पुन्हा तेच. तीन दिवस ती जेवायला उठली नाही, गोजरबाईनं ताट तिथंच नेऊन ठेवलं आणि तसंच उचललं.

"आजून किती राह्यलंय?"

"निम्मंसुद्धा झालं नाही."

"मंग दाब की जरा जोरात."

निकितानं मशीन पुन्हा बंद करून चालू केलं.

चौथ्या दिवशी शिरसाटांचा फोन आला. निकितानं स्पीकर लावला होता, म्हणून गोजरबाईला ऐकू आलं. "पोरी, जेवढं केलंस तेवढं चोख हाय. पन माझा माल तुझ्या मशीनसाठी थांबनार न्हाई. दुसऱ्याला दिलंय मी." चांगला माणूस होता. ओरडला नाही. ओरडला असता तर गोजरबाईला त्याला चार शब्द सुनावता आले असते.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं मशीन पोत्यात गुंडाळलं आणि एकटीच नगरला गेली. करणनं पोतं सोडलं.

"हे घे आन् ते पुन्यावालं दे."

"ते गेलं, आजी. केडगावचा एक जन घेऊन गेला. तसलं दुसरं हाय, पन ह्याचे मी निम्मेच धरनार."

"निम्मे? पंधरा दिस न्हाई झाले. कोरं हाय."

"खोकं फोडलं की सेकंड, आजी. ह्याला आता हळदीचा डाग बी हाय. वरचे तेरा हजार लागतील."

गोजरबाईच्या पिशवीत एसटीचं भाडं होतं. ती भांडली, पण आवाज चढेना. तिनं पोतं पुन्हा बांधलं. उतरताना कंडक्टरनं हात लावला, नाही तर ते तिला पेललं नसतं.

मच्छिंद्रनं दिलेला महिना भरत आला होता. अंगणात मोटरसायकल उभी होती. घरात आदिनाथ आणि त्याचा चुलता बसलेले, मच्छिंद्र त्यांना सुपारी देत होता. आदिनाथनं उठून नमस्कार केला. तो काही वाईट दिसत नव्हता, नुसता थकलेला दिसत होता. मच्छिंद्रनं आईकडं बघितलं, आता ही काय बोलते म्हणून. सगळेच वाट बघत होते.

"बसा," गोजरबाई म्हणाली आणि पोतं भिंतीशी ठेवून आत गेली.

आत निकिता कपात चहा गाळत होती. गाळणी डाव्या हातात, आणि कप उरलेल्या एका अंगठ्यानं दाबून धरलेला. गोजरबाई कप धरायला पुढं झाली, तर पोरीनं तो बाजूला घेतला.

"आजी, त्यांच्या पहिलीचं नाव काय होतं गं?"

गोजरबाईला ठाऊक होतं. स्थळ आलं त्याच दिवशी तिनं विचारून घेतलं होतं.

"मुक्ता," ती म्हणाली.

निकितानं मान हलवली आणि चहाचा ट्रे उचलून बाहेर गेली.